चाकातून येणारा ठराविक लयीचा आवाज : तपासणी कोणत्या क्रमाने करावी

गाडीचा वेग वाढला की आवाजाची लय जलद होते, वेग कमी केला की ती मंदावते आणि गाडी थांबली की आवाज पूर्ण बंद होतो. ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळली, तर दोष चाकात किंवा चाकाबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागात आहे असे धरून तपासणी सुरू करता येते. आवाजाचे प्रकार मात्र वेगवेगळे असतात. डांबरी रस्त्यावर कोरडी टक-टक ऐकू येते ती बहुधा टायरच्या नक्षीत अडकलेल्या खड्याची किंवा खिळ्याची असते. बोजड धप-धप आणि तिच्याबरोबर स्टिअरिंगला हलका हेलकावा असेल, तर संशय टायरवर जातो. प्रत्येक फेऱ्याला एकदाच येणारी खरखर किंवा पत्रा घासल्यासारखा आवाज ब्रेककडे बोट दाखवतो. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर बेअरिंगची (चाक ज्यावर फिरते त्या कड्याची) असू शकते आणि पूर्ण वळण घेताना येणारी कट-कट बहुतेक वेळा ॲक्सलच्या (चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटची असते.

शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांमध्ये हा दोष मी अनेकदा शोधला आणि दुरुस्त केला आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की आवाज कोणत्या परिस्थितीत बदलतो याची नोंद न करता चाक खोलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. टायर असमान झिजलेला असताना चांगले बेअरिंग बदलून घेतल्याची उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत, की आता कोणी ‘बेअरिंग गेले आहे’ असे सांगत आले तर मी आधी टायरवरून हात फिरवतो.

पहिले काम : नोंद

यासाठी एक पैसाही लागत नाही. सकाळी लवकर, वाहतूक कमी असताना, सोबत एका व्यक्तीला बसवून गाडी बाहेर काढावी आणि चार गोष्टी पाहाव्यात. आवाज किती वेगाला सुरू होतो, डावीकडे व उजवीकडे वळताना तो वाढतो की कमी होतो, ब्रेकवर हलकेच पाय ठेवल्यावर त्यात फरक पडतो का, आणि क्लच दाबून गाडी काही अंतर तशीच घरंगळू दिली तर तो चालू राहतो का. क्लच दाबल्यावर इंजिनाचे फेरे खाली येतात, पण चाके आधीच्याच वेगाने फिरत असतात. त्यामुळे लय तशीच राहिली तर इंजिन संशयाच्या यादीतून वगळता येते. हा प्रयोग करताना इंजिन बंद करू नये, कारण त्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. ऑटोमॅटिक गाडीत तो करूच नये.

लय मोजणेही उपयोगाचे ठरते. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी १० किलोमीटर वेगाला असे चाक १० सेकंदांत साधारण १४ फेरे घेते. स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, म्हणून मोजलेला आकडा एकदोनने कमी आला तरी चालेल. सोबतच्या व्यक्तीने मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि घरी बसून ठोके मोजावेत. १४ च्या आसपास ठोके आले, तर चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका आहे. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत, उदाहरणार्थ बोलेरो किंवा जुनी इनोव्हा यांत, ठोके याच्या साडेतीन ते चार पट आले तर चाक सोडून मधल्या प्रोपेलर शाफ्टकडे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत शक्ती नेणाऱ्या लांब दांड्याकडे) आणि त्याच्या क्रॉसकडे, म्हणजे सांध्याकडे, पाहावे लागते. तो शाफ्ट चाकाच्या एका फेऱ्यात तितके फेरे घेतो. त्या दुरुस्तीला गाडी लिफ्टवर घ्यावी लागते, तेव्हा ती घरी करण्याच्या भानगडीत पडू नये.

रस्त्याचाच आवाज नाही ना?

मुंबईत हा प्रश्न आधी विचारावाच लागतो. शहरातील अनेक रस्ते आता काँक्रीटचे झाले आहेत, आणि काँक्रीटच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने आडवे सांधे ठेवलेले असतात. हे अंतर बहुधा साडेचार मीटरच्या आसपास असते. पुढची आणि मागची चाके सांध्यावरून एकामागून एक जात असल्यामुळे गाडीत ठोक्यांची जोडी ऐकू येते, आणि तीही वेगाबरोबर जलद होते. उड्डाणपुलांवरचे लोखंडी सांधे, पेव्हर ब्लॉकचे पट्टे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काँक्रीट यांनी हाच भास होतो. पुण्याला जाऊन आल्यावर ‘गाडी आवाज करते’ अशी तक्रार येते, त्यातील काही गाड्यांत काहीच बिघडलेले नसते. जवळचा एखादा गुळगुळीत डांबरी रस्ता गाठावा आणि तिथे त्याच वेगाने गाडी चालवावी. आवाज नाहीसा झाला तर पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही.

हाताला येणाऱ्या गोष्टी

गाडी सपाट जागी उभी करून चारही टायरांची नक्षी नीट पाहावी. पुढची चाके स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहता येतात. मागच्या चाकांसाठी गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन पुन्हा पाहावे लागते, कारण जमिनीला टेकलेला भाग तोवर दिसत नाही आणि खडा नेमका तिथेच असतो. बारीक खडी जुन्या पेचकसाने उकरून काढावी. खिळा किंवा स्क्रू दिसला तर मात्र तो जागेवर उपटू नये. ट्यूबलेस टायरमध्ये तोच खिळा भोक बुजवून बसलेला असतो आणि तो काढताच हवा निघून जाते. पंक्चरवाल्यापर्यंत गाडी तशीच न्यावी. मात्र हवेचा दाब आधीच उतरलेला असेल तर स्टेपनी लावूनच निघावे.

यानंतर प्लॅस्टिकचे व्हील कव्हर हलवून पाहावे. त्याची एक कडी तुटली की ते दर फेऱ्याला रिमवर आपटते आणि आवाज चाकाच्या आतून आल्यासारखा वाटतो. कव्हर काढून एक चक्कर मारली की लगेच निकाल लागतो. चाकावरच्या कमानीतील प्लॅस्टिकचे अस्तर आणि मडफ्लॅप हेही पाहावे. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की अस्तराच्या क्लिपा निघतात आणि त्याची कड टायरला घासू लागते. तिथे टायरच्या खांद्यावर चकचकीत घासल्याची रेघ दिसते, ती सहज ओळखू येते.

चाकाचे नट याच टप्प्यावर तपासावेत. काम सोपे असले तरी या संपूर्ण यादीत यापेक्षा धोकादायक कारण दुसरे नाही. टायर बदलून किंवा पंक्चर काढून आल्यानंतर एकदोन दिवसांत कमी वेगाला टॉक-टॉक असा आवाज सुरू झाला, तर गाडी तिथेच थांबवून पाना लावावा. गाडी चारही चाकांवर उभी असताना नट एकाशेजारी एक या क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे रिम हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) सरळ बसते. लहान गाड्यांना साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, आणि आपल्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. पान्यावर उभे राहून नट आवळण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे) आटे ताणले जातात. चाक काढून बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा तपासावेत. एखादा नट नुसताच फिरत राहिला, स्टड तुटलेला आढळला किंवा रिमचे भोक लंबगोल झालेले दिसले, तर गाडी चालवू नये, ती टोइंग करूनच न्यावी.

टायर

माझ्या पाहण्यात या तक्रारीचे मूळ सर्वाधिक वेळा टायरमध्येच सापडले आहे, म्हणून इथे घाई करू नये. टायर गार असताना दाब तपासावा आणि चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर लावलेल्या तक्त्याप्रमाणे तो भरावा. डिकीत सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत मागच्या चाकांवर कायमचे वजन असते, त्यामुळे तिथला दाब कमी ठेवण्याची चूक विशेष महागात पडते.

नंतर टायरच्या दोन्ही भिंती पाहाव्यात. आतली भिंत पाहायला लोक विसरतात. खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आदळले की भिंतीतील धागे तुटतात आणि तिथे सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. त्याहून फसवा दोष म्हणजे नक्षीखालचा पोलादी पट्टा सुटणे. यात नक्षीचा काही भाग किंचित वर उचललेला दिसतो किंवा तिथली रेघ वाकडी होते. ताशी १५-२० किलोमीटरला धप-धप आणि स्टिअरिंगला डावी-उजवीकडे हेलकावा, अशी त्याची खूण असते. लोक अशा वेळी बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करणे) करून आणतात. पण बॅलन्सिंगचा दोष बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंगच्या थरथरीतून दिसतो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडतानाच येणाऱ्या धप-धपीला बॅलन्सिंग हा उपाय नाही. पट्टा सुटलेला टायर वेगात फुटू शकतो, म्हणून त्यावर महामार्गाला जाऊ नये.

आता तळहात नक्षीवरून आडवा आणि उभा, दोन्ही दिशांनी हलकेच फिरवावा. आधी डोळ्यांनी तार किंवा काच पाहून घ्यावी. नक्षीचे ठोकळे एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेले आहे. हाताला ठरावीक अंतराने खळगे लागले, तर शॉकॲब्सॉर्बर कमजोर झाल्यामुळे चाक रस्त्यावर उड्या मारत आले आहे. या दोन्ही झिजा वेगात अशी घूं-घूं करतात, की बेअरिंगचीच शंका यावी. अलाइनमेंट करून घेतले तरी आधीची झीज आणि तिचा आवाज लगेच जात नाही, ही गोष्ट गॅरेजमध्ये बहुधा सांगितली जात नाही आणि मग काम नीट झाले नाही असा गैरसमज होतो.

निर्णायक कसोटी अदलाबदलीची आहे. एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आपापसांत बदलावे आणि त्याच रस्त्यावर फिरून यावे. आवाज जागा बदलून पुढून मागे गेला, तर दोष टायरचा. तो जागेवरच राहिला, तर टायर निर्दोष. एकाच बाजूची चाके बदलल्यामुळे टायरवरील फिरण्याच्या दिशेचा बाणही उलटा होत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापे वेगळी असलेल्या गाडीत मात्र हे करू नये.

जाता जाता भिंतीवरचा चार आकडी शिक्का पाहून घ्यावा. २३१९ म्हणजे २०१९ सालातील २३ वा आठवडा. पाच वर्षे उलटलेला टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली, म्हणजे खोबणीतील खुणेच्या उंचवट्याशी नक्षी समपातळीत आली, की तो काढून टाकावा. महिनाभर एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीत टायरची जमिनीला टेकलेली बाजू चपटी होते आणि तीही धप-धप करते. बहुतेक वेळा काही किलोमीटर चालल्यावर टायर गरम होतो आणि ती धप-धप आपोआप जाते.

ब्रेक

पावसात दोन-चार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की ब्रेकच्या डिस्कवरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवरच्या) गंजामुळे खर-खर होते आणि चारपाच वेळा ब्रेक लावले की थांबते. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांत गंज लवकर धरतो. तेवढ्यासाठी काही करण्याची आवश्यकता नाही. आवाज दिवसभर राहिला, तर मात्र पुढे पाहावे.

डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचे ढाल-कव्हर असते. त्याच्या आणि डिस्कच्या फटीत हरभऱ्याएवढा खडा शिरला, तर असा कर्कश आवाज येतो की चालक घाबरून गाडी थांबवतो. अशा वेळी मोकळ्या जागेत गाडी काही फूट मागे-पुढे घेतली तर खडा अनेकदा आपोआप गळून पडतो. नाही पडला, तर चाक काढून पत्रा बोटाने किंचित मागे वाकवावा. डिस्क गरम असताना तिथे हात घालू नये.

आवाज बारीक किंचाळल्यासारखा असेल आणि ब्रेक दाबताच बदलत असेल, तर पॅड (डिस्कवर दाबले जाणारे ब्रेकचे तुकडे) झिजलेले असण्याची शक्यता मोठी. पुष्कळ पॅडना पोलादाची छोटी पट्टी लावलेली असते आणि झीज मर्यादेबाहेर गेली की ती डिस्कला घासून इशारा देते. पॅडल पायाखाली लयीत वर-खाली होत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही. मागे डिस्कऐवजी ड्रम असलेल्या गाड्यांत पावसाळ्यानंतर हँडब्रेकची केबल अडकून राहते आणि लायनर (ड्रमच्या आतला ब्रेकचा घासणारा भाग) ड्रमला सतत घासतो. पाच-सहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ, स्पर्श न करता, तळहात धरावा आणि एकाच धुऱ्यावरच्या डाव्या-उजव्या चाकांची तुलना करावी. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापलेली असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. ब्रेकच्या बाबतीत माझी सीमा इथे संपते. पॅडची जाडी पाहणे हे घरचे काम आहे, पण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा ड्रम खोलणे हे अनुभवी मेकॅनिकचे काम आहे.

बेअरिंग

वरचे सर्व निर्दोष ठरल्यावरच बेअरिंगकडे यावे. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर शंका अधिक रास्त ठरते. हब पाण्याखाली गेला की सीलमधून पाणी आत शिरू शकते, ग्रीस खराब होते आणि घरघर काही आठवड्यांनी सुरू होते. त्यामुळे मालकाला त्या पाण्याची आठवणही उरत नाही.

रस्त्यावरची खूण अशी, की डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते, आणि त्या वेळी घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयित. हा संकेत बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण त्यावर विसंबून सुटा भाग विकत घेऊ नये.

खात्रीसाठी चाक उचलावे लागते. जमीन सपाट आणि टणक हवी. उताराच्या रॅम्पवर किंवा यांत्रिक स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर हे काम कदापि करू नये. पुढचे चाक उचलायचे असेल तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा लाकडी पाचरी लावाव्यात. मागचे उचलायचे असेल तर ते फिरण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पाचरी हव्यात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये.

उचललेले चाक हाताने फिरवताना दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवावीत. खराब बेअरिंगची कणीदार थरथर तिथे स्पष्ट जाणवते, चांगले असेल तर जवळजवळ काहीच जाणवत नाही. नंतर चाक वर आणि खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला, तर सोबतच्या व्यक्तीला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेकने डिस्क जखडली की बेअरिंगचा ढिलेपणा नाहीसा होतो. तो तसाच राहिला, तर दोष बॉलजॉइंटचा किंवा सस्पेन्शनच्या दुसऱ्या सांध्याचा आहे. पुढचे चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर ढिलेपणा आढळला, तर टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) शेवट पाहावा लागतो.

ॲक्सलचा जॉइंट

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, हलका ॲक्सिलरेटर देत गोल फिरावे. कट-कट ऐकू आली, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट बहुधा दोषी असतो. बहुमजली पार्किंगच्या गोल रॅम्पवर हा आवाज भिंतीवरून परततो आणि अगदी स्पष्ट ऐकू येतो. मग चाकाच्या मागे टॉर्च मारून जॉइंटवरचे घडीघडीचे रबरी बूट (आवरण) पाहावे. ते फाटले असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतात. फक्त बूट फाटले असून आवाज नसेल, तर नवे बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र जॉइंट किंवा पूर्ण ॲक्सल बदलावा लागतो.

कुठे थांबावे

चाकात ढिलेपणा, टायरवर फुगा, तुटलेला स्टड, ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खोल जाणे, किंवा आवाजाबरोबर गाडी एका बाजूला ओढली जाणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली, तर ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ’ हा विचार करू नये. टोइंग व्हॅनचा खर्च या ठिकाणी योग्य आहे. द्रुतगती मार्गावर असे झाले, तर गाडी डाव्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, त्रिकोण मागे ठेवावा आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. मार्गिकेच्या बाजूला वाकून चाक पाहण्याचा प्रयत्न करू नये.

बेअरिंग बदलण्याचे काम घरी करू नये. पुष्कळ गाड्यांत ते हायड्रॉलिक प्रेसने दाबून बसवतात आणि हातोड्याने ठोकून बसवलेले नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा घरघरू लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग स्वस्तात मिळतात. आरसा किंवा दरवाजाचे हँडल तिथून जरूर घ्यावे, पण बेअरिंग, ब्रेक आणि ॲक्सल नवेच घ्यावेत. मेकॅनिकला ‘चाक आवाज करते’ एवढेच न सांगता कोणत्या वेगाला, कोणत्या वळणावर, ब्रेक लावल्यावर काय होते आणि अदलाबदलीत काय आढळले, हे सांगावे, मोबाइलवरचा आवाज ऐकवावा आणि काढलेला जुना भाग परत मागावा. गाडी ताब्यात घेताना त्याच रस्त्यावर त्याच वेगाने एकत्र फेरी मारावी आणि डॅशबोर्डवरचा एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पाहावा. अनेक बेअरिंगांच्या एका बाजूला वेग मोजणारी चुंबकीय कडी असते. बेअरिंग उलटे बसले तर घरघर थांबते, पण हा दिवा लागतो. तसे झाल्यास गाडी लगेच परत करून काम पुन्हा करून घ्यावे.